रुग्ण आला नाही तरी होणारा खर्च: कोकणातल्या सरकारी आरोग्यसेवेचं अर्थकारण

मंडणगड किंवा वैभववाडीसारख्या तालुक्यात रात्री दोन वाजता एखादीचं सिझेरियन करायची वेळ आली, तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बाळाकडे बघणारा बालरोगतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृहातली परिचारिका, रक्त आणि चालू अवस्थेतला जनरेटर एवढं सगळं त्याच क्षणी हजर लागतं. यातलं एक जरी नसलं तरी बाकीच्यांचा उपयोग होत नाही. मग गाडी खेड-चिपळूणकडे, नाहीतर करूळ घाट चढून कोल्हापूरकडे निघते. सरकारी आरोग्यसेवेवर किती पैसा खर्च होतो हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण तो पैसा कशासाठी मोजला जातो, यावर ही गाडी निघणार की नाही हे ठरतं. कोकणात तर त्याच्यावर जास्त.

आधी एका पदाचा हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो असं धरलं, तर एक खुर्ची दिवसरात्र भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि कोर्टाच्या साक्षी धरल्या की किमान चार. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाचं एकच पद मंजूर असेल आणि ते भरलेलंही असेल, तरी आठवड्यातले १२० तास ती खुर्ची कागदावर रिकामीच असते. व्यवहारात तो डॉक्टर क्वार्टरमध्ये राहून बोलावलं की येतो. वर्षाचे ३६५ दिवस असं बांधलेलं राहणं फार थोड्यांना जमतं. पद रिकामं होतं, जाहिरात निघते, कोणी येत नाही. याला ‘डॉक्टरांना खेड्यात यायला नको’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण एकट्याच्या गळ्यात चौघांचं काम अडकवणारी पदरचना हे त्यामागचं मोठं कारण आहे, आणि पगार थोडा वाढवून ते कारण जात नाही.

आता खर्च. समजा, सिझेरियनची पूर्ण तुकडी तयार ठेवायला पगार, औषधं, वीज आणि देखभाल मिळून वर्षाला १ कोटी रुपये लागतात. हा आकडा केवळ उदाहरणाचा आहे. त्या रुग्णालयात वर्षाला ४०० शस्त्रक्रिया झाल्या, तर एकीचा खर्च २५ हजार. ८० झाल्या, तर सव्वा लाख. डॉक्टर तेच आणि कामही तितक्याच निगुतीनं केलेलं. फरक फक्त भोवतालच्या माणसांच्या संख्येचा. खाडीवरच्या तरीत दोन माणसं बसोत की वीस, नावाड्याला दिवसभर काठावर थांबावंच लागतं; तसाच हा खर्च. त्याला तयारीचा खर्च म्हणू.

कोकणात तो दरडोई जास्त का पडतो, ते जनगणनेतून कळतं. २०११ साली राज्यात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसं होती. रत्नागिरी जिल्ह्यात १९७ आणि सिंधुदुर्गात १६३. शिवाय दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली: रत्नागिरीची सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाख, सिंधुदुर्गाची ८.६९ लाखांवरून ८.५० लाख. आरोग्यकेंद्रांचे निकष मात्र डोकी मोजून ठरतात. सपाटीवर ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० ला. उपकेंद्राला हेच आकडे ५,००० आणि ३,०००. डोंगराळ भागाला सवलत आहे, हे चांगलंच आहे. पण माणसं मुंबईला गेली म्हणून खाड्या अरुंद होत नाहीत, वाड्या एकमेकींच्या जवळ सरकत नाहीत. उलट गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी घरी येतात, मे महिन्यात मालवण-गणपतीपुळ्याला पर्यटक भरतात, तेव्हा त्याच केंद्रावर कितीतरी जास्त भार येतो. ती माणसं निकषात कुठेच धरलेली नसतात.

पैसा येतो कुठून

आरोग्यावरचा पैसा शेवटी घरांतूनच जातो, फक्त वाटा वेगळ्या. आजारी पडल्यावर काउंटरवर रोख भरणं ही एक वाट. आधी हप्ता भरून विमा घेणं ही दुसरी. कर भरून सरकारमार्फत सेवा उभी करणं ही तिसरी. देशाच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रुग्णांच्या खिशातून जात होता. २०२१-२२ मध्ये तो वाटा ३९.४ टक्के झाला. त्याच काळात सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. २०२१-२२ हे कोविडचं वर्ष होतं, त्यामुळे सरकारी बाजू नेहमीपेक्षा फुगलेली आहे हे हा आकडा वाचताना लक्षात ठेवावं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत २.५ टक्के गाठायचं ठरवलं होतं, आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा जास्त पैसा प्राथमिक सेवेवर जावा असंही लिहिलं होतं. हे दुसरं वाक्य आमच्या मते पहिल्याइतकंच मोलाचं आहे, पण चर्चेत क्वचितच येतं.

‘आम्ही कुठे कर भरतो’ असं गावात सर्रास ऐकू येतं. आयकर थोडेच भरतात हे खरं. पण साबण, चप्पल, सिमेंट आणि मोबाईलच्या रिचार्जवर जीएसटी, होडीच्या नि दुचाकीच्या इंधनावर कर, हे सगळे भरतात. आरोग्यसेवा म्हणजे सरकारनं केलेला उपकार नव्हे. आधीच भरलेल्या पैशाची ती परतफेड आहे.

राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्याचा विषय. करांचा मोठा हिस्सा मात्र केंद्राकडे जमा होतो. वित्त आयोगाच्या शिफारशीप्रमाणे वाटपयोग्य करांपैकी ४१ टक्के सर्व राज्यांत वाटले जातात. आयकरावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर लागतो, तो या वाटपात येत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० उचलतात. आशा, कंत्राटी परिचारिका आणि अनेक तपासण्या या पैशावर चालतात. अडतं ते हप्त्यात: राज्यानं आपला वाटा टाकला, आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) गेलं, की पुढचा हप्ता सुटतो. एक कागद अडकला की रक्कम वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत खाली पोचते आणि ३१ मार्चच्या आत खर्च करायची धावपळ होते. त्या घाईत लगेच विकत घेता येईल ते घेतलं जातं. मग फर्निचर येतं आणि परिचारिकेची जागा भरायची राहते.

विमा सगळ्यांनी मिळूनच का

हजार कुटुंबांचा गाव धरू. दरवर्षी त्यातल्या वीस घरांत एक लाखाचा दवाखाना निघतो. एकूण वीस लाख. प्रत्येक घरानं २,००० रुपये काढले की भागलं. आता हे ऐच्छिक करा. धडधाकट माणसं असलेली पाचशे घरं म्हणतील, आम्हाला नको. त्यांच्यात आजारी पडणारी घरं फक्त पाच होती. उरलेल्या पाचशे घरांवर पंधरा लाखांचा बोजा, म्हणजे घरटी ३,०००. हप्ता वाढला म्हणून आणखी दोनशे बऱ्यापैकी निरोगी घरं बाहेर पडतात आणि त्यांच्यासोबत तीनच आजारपणं जातात. राहिलेल्या तीनशे घरांना आता ४,००० भरावे लागतात. ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांनाच विमा परवडेनासा होतो. यात कोणाची लबाडी नाही. प्रत्येक घर आपापल्या परीनं शहाणपणानंच वागलं. म्हणून जगात जिथे सार्वत्रिक आरोग्यसेवा टिकली तिथे सक्ती आहे. ब्रिटननं १९४८ पासून ती करांतून चालवली, जर्मनीनं १८८३ पासून पगारातून कापून. आपल्याकडचा राज्य कामगार विमाही याच जातीचा: मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. पण आंबा-काजूच्या बागेतल्या आणि खलाशी म्हणून जाणाऱ्या बहुतेकांना तो लागू होत नाही, कारण पगाराची नोंदच नसते. त्यांच्यासाठी करातून चालणारी सेवा हाच रस्ता उरतो.

सक्तीनं सगळ्यांकडून गोळा केलेल्या पैशाच्या साठ्यालाही कुंपण असतं, हे तळकोकणाला चांगलं ठाऊक आहे. दोडामार्ग-सावंतवाडीच्या रुग्णाला कोल्हापूरपेक्षा गोव्यातलं बांबोळी जवळ. २०१८ पासून तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयानं परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा इकडे संताप झाला. गोव्याच्या करदात्याच्या बाजूनंही पाहावं लागतं. साठा त्यांचा, रांग लांबली त्यांची. यावर उपाय आहे: रुग्ण कुठेही जावो, त्याच्या राज्यानं उपचार करणाऱ्या राज्याला ठरलेल्या दरानं पैसे द्यायचे.

योजनेचं कार्ड काय देतं, काय देत नाही

राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात रायगड होता. पुढे ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ची. आता दोन्ही एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि राज्याची योजना पांढऱ्या रेशनकार्डासह सर्वांना खुली झाली आहे. ७० वर्षं आणि त्यावरच्यांना उत्पन्न न पाहता वेगळं कार्ड मिळतं. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस अशा खर्चात या योजनांनी असंख्य घरं कर्जापासून वाचवली आहेत.

पण पैसे कसे दिले जातात ते बघा. प्रत्येक उपचाराला ठरलेला दर असतो, रुग्णालयानं उपचार केला की ती रक्कम मिळते. उपचार झाला नाही तर काहीच नाही. जिथे रोज वीस रुग्ण येतात तिथे हा दर पुरतो, म्हणून संलग्न रुग्णालयं चिपळूण, रत्नागिरी, कणकवली अशा मोठ्या गावांत एकवटतात. वर्षाला ८० सिझेरियन होणाऱ्या तालुक्यात या दरानं शस्त्रक्रियेमागे सव्वा लाख पडणारी तुकडी उभी राहू शकत नाही. कार्ड हातात आहे आणि दवाखाना साठ किलोमीटरवर, याचं कारण हे आहे. तयारीचा खर्च दरपत्रकातून निघत नाही. तो पगार आणि इमारतीच्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या ठरावीक खात्यातून), रुग्णसंख्या न पाहता द्यावा लागतो.

ठरलेल्या दराचा दुसरा धोका रुग्णाच्या खिशाला बसतो. दर अपुरा वाटला की ‘हे इंजेक्शन बाहेरून आणा’ सुरू होतं. योजनेत दाखल रुग्णाकडून असे पैसे घ्यायची मुभा नाही. अशा वेळी दुकानाचं पक्कं बिल घ्यावं, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) लगेच सांगावं, आणि तो टाळाटाळ करत असेल तर १५५३८८ किंवा १४५५५ वर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. घरी गेल्यावर केलेल्या तक्रारीत कागद सापडत नाहीत आणि पैसे परत मिळणं अवघड होतं.

कार्ड मुख्यतः दाखल झालेल्यांसाठी आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, साखरेची तपासणी, डॉक्टरांची फी त्यात नाही. आणि घरांचा खिशातला खर्च मोठ्या प्रमाणात याच बारीकसारीक, दर महिन्याच्या गोष्टींवर होतो. ती गोळी उपकेंद्रात फुकट मिळायला हवी. तिथे तीन महिने साठा नसला की अनेकजण गोळी सोडून देतात. काही वर्षांनी त्यातल्या काहींचं मूत्रपिंड निकामी होतं. मग आठवड्याला दोन डायलिसिस, वर्षाला १०४ फेऱ्या. डायलिसिस योजनेतून होतं. गुहागरच्या आतल्या गावातून चिपळूणला रुग्ण आणि सोबतचा माणूस यांचा प्रवास ४०० रुपये आणि एकाची बुडालेली मजुरी ५०० धरली, तर घराला वर्षाला ९३,६०० रुपये पडतात. सरकारी कागदावर मात्र हा ‘मोफत उपचार’ आहे.

स्वस्त सेवा वेळेवर मिळाली तर काय होतं याचा पुरावा रायगडमध्येच आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरायला सुरुवात केली. पूर्वी गंभीर दंशात शंभरातले तीस-चाळीस दगावत. ही पद्धत रुळल्यावर ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. त्यासाठी अतिदक्षता विभाग बांधावा लागला नाही. गोळी आणि ती कधी द्यायची हे जाणणारा डॉक्टर जवळच्या केंद्रात असणं पुरलं. लेप्टोचंही (चिखल-पाण्यातल्या जंतूंमुळे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचंही) तसंच. भातलावणीत चिखलात उतरणाऱ्यांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दिलं, तर आठ आठवड्यांत १०० मिलिग्रॅमच्या सोळा कॅप्सूल लागतात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं यांना ते देत नाहीत. एका रुग्णाच्या अतिदक्षतेतल्या उपचारांच्या खर्चात अख्ख्या वाडीला ते पुरेल.

सर्पदंशावरच्या प्रतिविषाकडेही याच नजरेनं पाहावं. विषारी दंशाला सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात. म्हणजे केंद्रात चार कुप्या असणं जवळपास काही नसण्यासारखंच आहे. एका रुग्णाचा पूर्ण डोस आणि वर थोडा साठा हवा. वर्षभरात एकही दंश आला नाही तर कुप्या पडून राहतात, मुदत संपते आणि लेखापरीक्षणात शेरा येतो. या शेऱ्याच्या भीतीनं साठा कमी मागवला जातो. यावर साधी व्यवस्था अशी: मुदत संपायला सहा महिने उरले की कुप्या जास्त रुग्ण येणाऱ्या उपजिल्हा रुग्णालयाला द्यायच्या आणि तिकडून नव्या घ्यायच्या. तरीही काही वाया जाणारच. तो तयारीचा खर्च आहे, त्याला नासाडी म्हणू नये.

घरातली देखभाल कोणाच्या खात्यावर

मुलं मुंबई-ठाण्याला, घरात सत्तरी ओलांडलेले दोघं, हे कोकणातल्या कितीतरी वाड्यांचं चित्र आहे. एकजण पक्षाघातानं अंथरुणाला खिळला की औषधांपेक्षा देखभाल मोठी ठरते. दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंड-अंग पुसणं, भरवणं, लघवीची नळी वेळच्या वेळी बदलून घेणं. कूस बदलायची राहिली की पाठीला जखम होते, जंतुसंसर्ग होतो आणि मग दाखल करावं लागतं. त्या दाखल होण्याला योजना पैसे देते. जखम होऊ न देणाऱ्या हातांना कोणी देत नाही.

पूर्णवेळ बाई ठेवली तर महिना १५,००० धरा. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचं मूळ अनुदान १,५०० रुपये आहे. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साधारणपणे २१,००० च्या आत लागतं, म्हणजे महिन्याला १,७५०. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाटा ८० वर्षांखालच्यांसाठी २०० रुपये आहे, आणि गेली जवळपास दोन दशकं तो तितकाच आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजना चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी ३,००० देते, तेही एकदाच. मधली दरी भरते घरातली सून किंवा लेक. ती काजूच्या कारखान्यातलं काम सोडते, बाजारात मासे विकायला बसणं बंद करते. तिची मजुरी बुडाली म्हणून देखभालीचा खर्च शून्य झालेला नाही. तो फक्त सरकारी वहीतून तिच्या अंगावर सरकला आहे.

हे बदलता येतं. जपाननं २००० साली देखभालीचा सक्तीचा विमा आणला: निम्मा पैसा करांतून, निम्मा चाळिशीपुढच्यांच्या हप्त्यातून, आणि सेवा घेणारा साधारण दहा टक्के भरतो. आपल्याला लगेच ते झेपणार नाही. केरळ अधिक जवळचं आहे. तिथे २००८ च्या धोरणानंतर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पैशातून परिचारिका घरोघर जाऊन खिळलेल्या रुग्णांना पाहतात.

कोकणातल्या २०,००० वस्तीच्या एका आरोग्य केंद्रापुरतं गणित मांडू. अंथरुणाला खिळलेले ६० रुग्ण, प्रत्येकाकडे महिन्यातून दोन भेटी, म्हणजे १२० भेटी. वाड्या लांब असल्या तरी दिवसाला सहा घरं होतात; वीस दिवसांत पूर्ण. परिचारिकेला ३५,०००, भाड्याच्या गाडीला ४०,०००, नळ्या, ड्रेसिंग आणि औषधांना २५,००० धरले तर महिन्याला १ लाख, म्हणजे रुग्णामागे सुमारे १,६७०. एवढ्यात पूर्णवेळ माणूस मिळत नाही. पण नळी बदलली जाते, जखम लवकर दिसते, आणि घरच्यांना कूस कशी बदलायची ते शिकवलं जातं. बिघडतं ते ठरलेल्या तीन जागी: परिचारिकेला लसीकरणाच्या किंवा सर्वेक्षणाच्या कामावर ओढलं जातं; गाडीचं बिल थकतं आणि चालक येईनासा होतो; कंत्राट अकरा महिन्यांचं असल्यानं बाराव्या महिन्यात भेटी बंद पडतात. म्हणून मंजुरी मागताना गाडीसाठी वेगळं लेखाशीर्ष, इतर कामाला न लावण्याचा लेखी आदेश आणि किमान तीन वर्षांची मुदत या तीन गोष्टी आधीच मागाव्यात.

मागायचं कुठे आणि कधी, हेही वेळेवर अवलंबून आहे. ग्रामपंचायत विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात तयार होतो. गावाची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती त्याआधी यादी करू शकते. आशाताईंकडे खिळलेल्या रुग्णांची माहिती असते. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे येतं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की महिने जातात. ‘आमच्या दवाखान्यात सोयी द्या’ असा ठराव फाईलीत राहतो. त्याऐवजी गेल्या वर्षात किती रात्री डॉक्टर नव्हते, रक्तदाबाच्या गोळ्या किती आठवडे नव्हत्या, सर्पदंशाच्या किती कुप्या शिल्लक आहेत, किती बाळंतिणींना पुढे पाठवलं आणि किती घरांत माणूस खिळलेला आहे, हे पाच आकडे तारखांसह लिहून द्यावेत. पदाची मागणी असेल तर ‘एक भूलतज्ज्ञ’ न लिहिता ‘चोवीस तास भूलतज्ज्ञ, म्हणून चार पदं’ असं लिहावं.